मागून हॉर्न वाजला तरी घाई करू नका: नवीन कार चालवणाऱ्यांसाठी

मी कार शिकले छत्तिसाव्या वर्षी. स्कूटी कॉलेजपासून चालवत होते, पण माहेर फलटणला आणि राहायला पुण्यात, धायरीत, आईचं आजारपण सुरू झालं तेव्हा दर वेळी कुणाला तरी विचारा, सोडता का म्हणून, त्याचा कंटाळा आला आणि क्लास लावला. एकवीस दिवसांच्या क्लासमध्ये सरांनी हाफ क्लच शिकवला, रिव्हर्स शिकवला, ग्राउंडवर आठ काढायला शिकवलं, लायसन्सही हातात आलं. पण रस्त्यावर माणसं कशाने मरतात हे एकाही दिवशी सांगितलं नाही. ते मी नंतर शिकले, थोडं बघून, थोडं स्वतः ठोकून. म्हणून हे लिहितेय, ज्यांचं लर्निंग चालू आहे किंवा लायसन्स नुकतंच आलंय त्यांच्यासाठी. गाडी चालवता येत नाही म्हणून फार कमी अपघात होतात हो, सवयींमुळे होतात, आणि नवीन माणसाची सगळ्यात वाईट सवय म्हणजे मागच्याला घाबरणं. मागचा हॉर्न वाजवतोय म्हणून आपण जे करतो ना, त्यातच निम्मा घोळ आहे. तो कसा ते खाली येईलच.

१. गाडी काढायच्या आधीची दहा मिनिटं

कागद आधी सांगते म्हणजे विषय संपेल. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. हे चारही डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असले तरी चालतात, कायद्याने मान्य आहेत, पण पीयूसीची तारीख लोक विसरतात आणि इन्शुरन्सची तर हमखास, त्यामुळे मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा. लर्निंगवर असाल तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस पाहिजेच आणि गाडीला पुढे-मागे लाल एल पाहिजे. एल लावायची लाज वाटते लोकांना. मला तर पक्कं लायसन्स आल्यावरही काढू नये असं वाटत होतं, कारण एल दिसला की दहातले सहाजण तरी जरा लांबून जातात.

गाडीत ठेवायच्या वस्तू: लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर, टॉर्च, जॅक आणि पाना, हवा असलेली स्टेपनी (स्टेपनीतही हवा चेक करायची असते, हे मला पंक्चर झाल्यावर कळलं), फर्स्ट एडचा डबा, काच पुसायला एक सुती फडकं, आणि पाणी. पाण्याची बाटली मात्र दाराच्या कप्प्यात ठेवायची, पायाशी कधीच नाही. ब्रेक दाबला की बाटली गडगडत पुढे येते आणि पेडलच्या खाली जाऊन बसते, मग ब्रेक पूर्ण दाबलाच जात नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटसुद्धा सरकून ॲक्सिलरेटरवर चढत नाही ना ते बघा. हील्स नको, सुटी चप्पल नको. मी सीटखाली एक जुने कॅनव्हासचे बूट ठेवलेत, साडी असली तरी तेच घालते, बघणारे हसतात, हसू देत.

मग टायर. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर हवेचा आकडा असतो, तोच आकडा खरा, पंपावरचा पोरगा म्हणेल तो नाही. हवा टायर गार असताना चेक करायची, पन्नास किलोमीटर पळवून नाही. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, समजा २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुनी गाडी घेतली असेल तर हे नक्की बघा, कारण नक्षी चांगली दिसते पण रबर कडक होऊन गेलेलं असतं. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरच्या खाली गेली की टायर बाद, खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की बदलायचा, मेकॅनिकला विचारायची गरज नाही. समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास पळवायचं असेल तर कमी हवेचा नाहीतर म्हातारा टायर तापून फुटतो, आणि १२० च्या स्पीडला टायर फुटला की नवीन माणसाच्या हातात फार काही उरत नाही. फुटलाच तर ब्रेकवर उभं राहायचं नाही, स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ घट्ट धरायचं, पाय उचलायचा, गाडी आपसूक हळू होऊ द्यायची आणि मग डावीकडे.

२. बेल्ट, मागच्यांनी पण

यावर वाद घालायचाच नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला तेव्हा पुढच्या सीटवरचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. त्याच वर्षी देशात बेल्ट न लावलेली १६ हजारांवर माणसं गेली, आणि त्यात ड्रायव्हर नसलेली, म्हणजे नुसती बसलेली माणसं जवळजवळ निम्मी होती.

आमच्याकडे मागे बसणाऱ्या सासूबाईंना बेल्ट टोचतो. मी गाडीच सुरू करत नाही. एकदा सात मिनिटं पार्किंगमध्ये बसलो होतो दोघी, त्या खिडकीतून बाहेर बघतायत, मी समोर, शेवटी लावला. बेल्टच्या क्लिपमध्ये अडकवायचे ते नकली हुक मिळतात ना, टूंटूं बंद करायला, ते ज्याच्या गाडीत दिसतील त्याच्याबरोबर मी जात नाही. मांडीवर बाळ घेऊन पुढे बसणं म्हणजे बाळालाच एअरबॅग करणं. डॅशबोर्डवर पाय टाकून बसणारे नवरे पण आहेत, त्यांनाही सांगा, एअरबॅग उघडली की तेच गुडघे तोंडावर येतात.

३. अंतर: हे एकच नीट शिकलात तरी बरंच झालं

क्लासमध्ये सांगतात पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. किती ते कुणी सांगत नाही. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काहीतरी झालं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर गाडी तशीच गेली, ब्रेक न लागता. मग ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर अजून ३५-३६ मीटर. एकूण ७० मीटर. ६० ला हेच ४५ मीटरच्या आसपास येतं आणि १०० ला सरळ शंभर मीटर. पाऊस असेल तर अजून बरंच वाढवा. ६० वरून १०० म्हणजे नुसता चाळिसाचा फरक वाटतो पण थांबायला लागणारी जागा दुपटीपेक्षा जास्त झाली, कारण ब्रेकिंगचं अंतर स्पीडच्या वर्गाने वाढतं. सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या अपघातांपैकी ७२ टक्क्यांचं कारण ओव्हरस्पीडिंग लिहिलंय, ते वाचून मला आधी वाटलं पोलीस सोपं म्हणून तेच कारण लिहीत असतील, थोडंफार असेलही तसं, पण हा हिशोब मांडल्यावर पटलं.

आता मीटर मोजत कोण बसणार, म्हणून युक्ती. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून, पुलाच्या सावलीवरून गेली की मनात म्हणायचं "एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल". तीन म्हणायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात, पाय उचला. पावसात, रात्री पाच विठ्ठल. हे माझ्या बाबांनी शिकवलं, ते एसटीत होते, ते मोजायचे मात्र नुसतं एक-दोन-तीन, विठ्ठल माझा.

आणि ट्रॅप असा आहे की तुम्ही अंतर ठेवलं की त्या जागेत कुणीतरी घुसणारच. घुसू दे. परत मागे व्हायचं. पुणे ते शिरवळ दहाजण घुसले तरी घरी पोचायला दोन मिनिटं उशीर होतो, मी घड्याळ लावून बघितलंय. नवरा शेजारी बसून "अगं दाब ना, किती जागा सोडतेस" म्हणतो, त्याला मी आता उत्तरच देत नाही.

४. ओव्हरटेक, आणि माझा किस्सा

शिरवळ ते लोणंद रस्ता, तेव्हा दोन पदरीच होता. जानेवारी महिना, कारखाने जोरात, संध्याकाळचे सव्वासहा वाजले असतील, म्हणजे उजेड नाही आणि अंधारही नाही अशी वेळ. माझ्यापुढे उसाची जोडट्रॉली, ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी आणि मागून हात-हात बाहेर आलेला, मागे दिवा नाही, एक रिफ्लेक्टर होता तोही पाचटाखाली, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांखाली, झाकलेला. माझ्यामागे एक पांढरी एसयूव्ही, डिपर-हॉर्न, डिपर-हॉर्न. मला लायसन्स येऊन चार महिने झाले होते आणि मला मनापासून असं वाटत होतं की मीच त्या माणसाची वाट अडवलीय, आपण नवीन आहोत, आपली चूक आहे. मी उजवीकडे काढली. समोरून एसटी. परत डावीकडे घेतली, पण आता ट्रॉली फार जवळ आली होती, आणि ट्रॅक्टरने नेमका तेव्हाच खड्ड्यासाठी ब्रेक मारला. मी पण मारला. फार स्पीड नव्हता. पण बाहेर आलेला ऊस बॉनेटवरून सरकत येऊन काचेला टेकला, करकर आवाज करत, आणि काचेवर माझ्या नाकासमोर मोठा कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा गेला. अजून दोन फूट आणि तो ऊस आत आला असता.

एसयूव्ही बाजूने निघून गेली, थांबलीसुद्धा नाही. ट्रॅक्टरवाला उतरला, अठरा-वीस वर्षांचा पोरगा, मफलर बांधलेला, काचेकडे बघून म्हणाला, "ताई, लांबून चालवायची ना. तो वाजवत होता तर त्याला जाऊ द्यायचा." बस एवढंच. दिवा नसलेल्या ट्रॉलीवाल्याने मला शिकवावं याचा तेव्हा राग आला, पण बोलला ते खरंच होतं.

तर दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेकचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. पुढे ट्रक ६० ने चाललाय, तुम्ही ८० ने त्याला मागे टाकायचंय. फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकची लांबी, त्याच्या मागची-पुढची मोकळी जागा धरून ५५-६० मीटर तुम्हाला जास्त कापायचेत, म्हणजे दहा सेकंद लागणार. दहा सेकंदात तुम्ही २२० मीटर गेलात आणि समोरून ८० ने येणाराही २२० मीटर आला. म्हणजे जवळजवळ साडेचारशे मीटर रस्ता समोर मोकळा दिसला पाहिजे. एवढा दिसत नसेल, वळण असेल, चढाचा माथा असेल, पूल असेल, तर काढायची नाही, मागे कुणीही बोंबलू दे.

मागच्याला खरंच घाई असेल तर तुम्ही त्याला पुढे जाऊ द्या. जागा बघून डावा इंडिकेटर द्या, थोडं डावीकडे घ्या, स्पीड कमी करा, जाईल तो. यात काही कमीपणा नाही. पण त्याच्यासाठी रस्त्याच्या खाली कच्च्यात उतरू नका, खडीवर चाकं सरकतात आणि परत वर चढताना गाडी आडवी होते.

ट्रकच्या इंडिकेटरवर विसंबू नका. उजवा इंडिकेटर म्हणजे काहीजणांचा "मी उजवीकडे वळतोय", काहीजणांचा "समोरून येतंय, काढू नको" आणि काही जुन्या ड्रायव्हरांचा "जा पुढे". तीन अर्थ! स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय नाही. आणि ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, तिथे रेंगाळायचं नाही, एकतर पटकन पुढे नाहीतर मागे.

५. लेन

चार-सहा पदरी रस्त्यावर सगळ्यात उजवी लेन ओव्हरटेकसाठी असते, राहायला नाही. नवीन माणूस तिथे जाऊन बसतो कारण डावीकडे बाइक, रिक्षा, उभे ट्रक असतात, मला कळतं ते, मीही बसायचे. पण मग सगळे डावीकडून काढतात आणि तुम्ही डावीकडे यायला गेलात की त्यातलाच एखादा तिथे असतो. मधली लेन असेल तिथे ती धरा. लेन बदलताना आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर, मग हळूच. इंडिकेटर देणं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही.

पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर पहिल्यांदा जाणार असाल तर एक्झिट चुकली म्हणून थांबू किंवा रिव्हर्स येऊ नका, कितीही लोक तसं करताना दिसले तरी. पुढच्या एक्झिटला उतरा, वीस-पंचवीस किलोमीटरचा फेरा पडेल, पडू दे. शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्ट्यावर, गाडी उभी करून फोटो, चहा, भजी, अजिबात नाही. मागून येणारा झोपेत असेल तर तो रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीच्या दिव्यांकडेच ओढला जातो.

आणि राँग साइड. यू-टर्न लांब आहे म्हणून पेट्रोल पंपापर्यंत उलटं जायचं, "दोनशे मीटर तर आहे". हायवेवर ज्या बाजूने कुणी येणारच नाही असं समोरच्याला वाटतंय, तिथून तुम्ही येताय. मी राँग साइडने येणाऱ्या ओळखीच्या माणसालाही हात करत नाही आता.

६. घाट आणि उतार

माझ्या घराजवळचाच उतार सांगते. कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलात की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. गाडी आपोआप पळते, इंजिनाचा आवाज येत नाही, आपल्याला वाटतं किती छान चाललीय. अवजड गाड्यांचे काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला इथे न्यूट्रल करतात आणि नुसत्या ब्रेकवर खाली येतात. ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत, आणि खाली नवले पुलाशी संध्याकाळचं ट्रॅफिक थांबलेलं असतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री असाच एक ट्रक तिथे डझनावारी गाड्यांना ठोकत गेला, उतारावर गाडी न्यूट्रलला टाकल्याचं तपासात पुढे आलं. आम्ही त्या रात्री गॅलरीत उभं राहून नुसते सायरन ऐकत होतो. त्यानंतरही तिथे मोठे अपघात झालेत.

कारवाल्यांनी यातून काय घ्यायचं? एक, उतारावर न्यूट्रल नाही आणि इंजिन बंद तर मुळीच नाही. इंजिन बंद झालं की पॉवर स्टेअरिंग जड होतं, आणि ब्रेकला जी मदत मिळते ती एक-दोनदा दाबेपर्यंतच टिकते, नंतर पेडल दगडासारखं लागतं. दोन, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा नाहीतर तिसरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ऑटोमॅटिक असेल तर एल, किंवा मॅन्युअल मोड असतो तो वापरा, नुसतं डी मध्ये ब्रेकवर पाय ठेवून पसरणी घाट उतरलात तर खाली वाईत येईपर्यंत जळका वास येईल. वास आलाच तर जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, चाकावर पाणी मारू नका. तीन, उतारावर मागे मोठी गाडी असेल तर तिच्यापुढे रेंगाळू नका, आणि पुढे ट्रॅफिक थांबलेलं दिसलं तर लांबूनच हळूहळू ब्रेक लावत, चारी इंडिकेटर टाकून मागच्याला सांगा, नजर आरशात ठेवा, पुढच्या गाडीला चिकटून उभं राहू नका, बाजूला निसटायला जागा ठेवा.

साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं एस वळण तर प्रसिद्धच आहे, तिथे पण तेच, उतार, आणि अंधारातून एकदम उजेडात आल्यावर डोळे दिपलेले. बोगद्यात शिरण्याआधी स्पीड कमी करायचा, बाहेर पडल्यावर नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, कायद्यातही आहे, कारण चढावर थांबलेली गाडी परत उचलणं अवघड.

७. मोबाईल

८० च्या स्पीडला दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की ४४ मीटर डोळे झाकून गेलात. मॅप निघण्याआधी लावा, आवाज चालू ठेवा, फोन काचेच्या स्टँडवर, आणि रस्ता बदलायचा असेल तर थांबून. हातात फोन धरून चालवणं आता मोटार वाहन कायद्याच्या धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलमात, १८४ मध्ये, सरळ लिहिलेलं आहे. ब्लूटूथवर बोलणं पण मी बंद केलंय, निदान घरच्यांशी तरी, कारण "भाजी काय आणू" वरून विषय कुठल्या कुठे जातो आणि आपण गाडीत नसतोच.

८. झोप आणि दारू

दारूचं सोपं आहे. कायद्यात १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण तुम्ही ते आकडे लक्षात ठेवू नका, घेतलीय तर चालवायची नाही, "एकच बिअर" पण नाही. लग्नाहून परतताना हे आधी ठरलेलं पाहिजे की परत कोण चालवणार.

झोपेचं अवघड आहे कारण त्याला कुणी गुन्हा समजत नाही, उलट "रात्रभर चालवली, एका दमात" असं कौतुकाने सांगतात. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवल्यावर, या वेळा वाईट. समृद्धीसारखा सरळ रस्ता असेल तर दिवसाही, वळण नाही, सिग्नल नाही, डोळे उघडे असतात आणि मागचे पाच किलोमीटर आठवत नाहीत. हे झालं तुम्हाला, की समजा वेळ आली. जांभया, मान लवणं, एखादा बोर्ड निसटणं. काच खाली करून, गाणी मोठी लावून, चिंगम चघळून काही होत नाही, मी सगळं करून बघितलंय. टोल प्लाझा किंवा पंपावर गाडी लावा, चहा प्या, गजर लावून वीस मिनिटं झोपा. दर दोन तासांनी उतरायचंच.

९. पाऊस, रात्र, उसाचा सीझन

पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं, पहिले एक-दोन दिवस साबण लावल्यासारखं असतं. साचलेल्या पाण्यावरून जोरात गेलात की टायर पाण्यावर तरंगतो, स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा ब्रेक नाही, स्टेअरिंग फिरवायचं नाही, पाय उचलायचा. पावसात चारी इंडिकेटर लावून चालायची फॅशन आहे ती चुकीची, मागच्याला कळतच नाही तुम्ही उभे आहात की वळताय, त्यापेक्षा डिम हेडलाइट लावा. काच आतून धुरकट झाली की एसी काचेवर सोडा, हाताने पुसत बसू नका.

रात्री समोरून अप्पर टाकून येणाऱ्याला उलट अप्पर मारून काही मिळत नाही, दोघंही आंधळे होतात. स्वतःच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी बघा, स्पीड कमी करा. आणि नोव्हेंबर ते मार्च पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात फिरत असाल तर समोर अंधारात काहीच दिसत नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे असं धरू नका. ट्रॉली असू शकते, पंक्चर होऊन मधेच उभी असलेली, मागे फक्त चार दगड लावलेले. उसाच्या बैलगाड्याही असतात पहाटे. रस्त्यावर सांडलेलं पाचट दिसायला लागलं की पुढे कुठेतरी ट्रॉली आहे असं समजायचं, ही बाबांची खूण, अगदी बरोबर निघते.

१०. शहरात

शहरात स्पीड कमी त्यामुळे माणसं गाफील. दोनच गोष्टी सांगते. गाडीतून उतरताना दार डाव्या हाताने उघडा, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी बाइक दिसते. आणि सिग्नल हिरवा झाला की एक सेकंद थांबून डावी-उजवी बघूनच निघा, कारण पिवळ्यावर घुसणारा शेवटचा एक असतोच. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे, हे सांगून झालंय.

११. ठोकलीच तर

क्रम लक्षात ठेवा, त्या वेळी डोकं चालत नाही. चारी इंडिकेटर चालू. गाडी हलत असेल तर कडेला, मग इंजिन बंद. सगळ्यांना गाडीबाहेर काढून रेलिंगच्या पलीकडे, गाडीच्या पुढे-मागे उभं राहून नुकसान बघत बसू नका, दुसरी धडक तिथेच बसते. रिफ्लेक्टर निदान पन्नास मीटर मागे. जखमी असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. बाइकवाल्याचं हेल्मेट खेचून काढू नका, मान हलवू नका. जखमीला दवाखान्यात पोचवणं ही कायद्याने ड्रायव्हरची जबाबदारी आहे, जमावाचा धोका असेल तर तिथून निघून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, चोवीस तासांच्या आत कळवावंच लागतं. आणि तुम्ही नुसते मदतीला थांबलेले असाल तर घाबरू नका, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही.

मग फोटो, दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेटसकट, रस्त्यासकट. जागेवर रोख देऊन मिटवू नका, नंतर पाठीचं दुखणं निघालं तर काय. इन्शुरन्सला त्याच दिवशी फोन करा, गॅरेजला टाकायच्या आधी.

माझा फोन कंपनीच्या कॉल सेंटरला लागला, कुठेतरी उत्तरेत असावं ते. समोरच्या पोरीने विचारलं गाडी कशाला धडकली, मी म्हटलं ऊस. ती म्हणाली, "मॅडम, ऊस कौनसी गाडी है?" गन्ना, म्हटलं, गन्ना. पलीकडे बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. क्लेमच्या कागदावर शेवटी "झाड" असं लिहून आलं आणि काचेचे पैसे मिळाले.